थुंकीचा दाखला

मिरजेच्या दवाखान्यांत माणसाला आजार नंतर विचारतात, आधी विचारतात, "जवळ कोण आहे?" औषधांच्या वेळा आता यंत्रं सांभाळतात, सलाइन संपत आलं की स्टँडच हाक मारतो, आणि पेशंटची कूस बदलायचं काम पलंग स्वतःच करतो. पण घाबरलेल्या माणसाचा हात धरून बसेल असं काही अजून कुठल्या कंपनीला जमलेलं नाही. त्यामुळे तो जुना प्रश्न आहे तसाच राहिला, आणि ज्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं त्यांच्यासाठी 'सोबत' ही संस्था निघाली.

संस्था एस्तेरबाई रणभिसे यांची. उभा जन्म नर्सिंगमध्ये काढलेली बाई; निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल तर शपथ. त्यांनी गावातली रिकामी, हौशी, कुठंतरी दुखावलेली अशी सगळ्या तऱ्हेची माणसं गोळा केली आणि ज्या पेशंटला कुणी नाही त्याच्या उशाशी एकेकाला बसवलं. संस्थेचा एक रिवाज होता. पहिल्या दिवशी पलंगाजवळ स्टूल ओढायचं आणि विचारायचं, "मी तुमची कोण?" पेशंट सांगेल ते नातं. कुणी सून म्हणे, कुणी भाची, कुणी नुसतीच शेजारीण. जे ठरेल ते शेवटपर्यंत निभवायचं, रुसव्याफुगव्यांसकट.

स्वयंसेवक पारखायची बाईंची स्वतःची रीत होती. नवा माणूस आला की त्याच्या हातात मेथीची जुडी द्यायच्या, त्याला म्हाताऱ्या पेशंटांच्या घोळक्यात बसवायच्या आणि लांबून बघत राहायच्या. जो भराभर जुडी निवडून हात झटकून उठला तो नापास. गप्पांच्या नादात ज्याची जुडी तशीच राहिली तो पास. या रीतीनं त्यांनी कितीतरी माणसं घेतली आणि कितीतरी भाज्या वाया घालवल्या, पण माणूस सहसा चुकला नाही.

शेवंती सावळजकरची जुडी त्या दिवशी उघडलीसुद्धा नव्हती. ती बालआश्रमात वाढलेली. तिथं मुलींची नावं बागेतल्या फुलांवरून ठेवत, आणि आडनाव त्या वर्षी जो अधीक्षक असेल त्याच्या गावाचं. म्हणजे तिच्या नावातलं एकही अक्षर कुणा आईबापानं ठेवलेलं नव्हतं. आता ती चाळिशीला आली होती, लग्न झालं नव्हतं, आणि 'सोबत'मध्ये ती इतक्या जणांची लेक, बहीण, जाऊ, मावशी झाली होती की तिच्याइतकी नाती मिरजेत कुणाला नसतील. सगळी उसनी. पेशंट बरा झाला की नातं घेऊन घरी जाई, नाही झाला तर वर घेऊन जाई, आणि शेवंती पुन्हा होती तशी.

आश्रमात भाऊबीजेला मुली विश्वस्तांना ओवाळायच्या. शेवंतीच्या वाट्याला दर वर्षी एकच टक्कल पडलेले गृहस्थ यायचे आणि ताटात रुमाल टाकायचे. चांगले होते बिचारे. पण ओवाळताना ती त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी आपल्यासारखं शोधायची, कानाची पाळी, भुवई, काहीही, आणि दर वर्षी हिरमुसून ताट खाली ठेवायची.

आश्रमात पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करत. पाहुण्यांनी काहीही विचारलं, गाणं कुणाला येतं, सर्कस कुणाला बघायचीय, आमच्याबरोबर कोण येणार, की सगळे हात वर. शेवंतीचा हात मात्र कधी वर गेला नाही. ती बुजरी होती, आणि विचारलेलं आपल्यालाच विचारलंय यावर तिचा विश्वासच बसत नसे. तशात एकदा दुपारी, मुलं हौदावर ताटं घासत असताना, एक माणूस भिंतीवरून उडी मारून आत आला आणि तिच्याशेजारच्या कुंदाला उचलून घेऊन गेला. त्यानं आधी शेवंतीलाही काहीतरी विचारलं होतं. काय, ते तिला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कुंदाला परत आणलं तेव्हा ती ओक्साबोक्शी रडत होती. पुढे कित्येक वर्षं शेवंती हौदाकडे एकटी गेली नाही. डोळे मिटले की ती भिंत दिसायची.

म्हणूनच नवा कायदा आला तेव्हा 'सोबत'मध्ये त्याची बाजू घेणारी ती एकटीच होती. दुबळ्या माणसांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पगारी असो की स्वयंसेवक, नातेपडताळणी सक्तीची झाली. लोकांनी तिचं नाव ठेवलं थुंकीचा दाखला. एस्तेरबाई चिडल्या, मेथीची जुडी काय वाईट होती, म्हणाल्या. शेवंतीनं त्यांना शांतपणे सांगितलं, की बाई, हौदावर आलेला माणूसही कदाचित छान गप्पा मारणारा असेल.

त्यातलं विज्ञान तसं अवघड नव्हतं. प्रत्येकाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आई आपल्या दोन संचांचे पत्ते पिसून त्यातला एक डाव मुलाला देते, वडीलही तसंच करतात. त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या हातातले साधारण निम्मे पत्ते सारखे निघतात, चुलत भावंडांचे आठवा हिस्सा. एवढं शाळेतल्या पुस्तकातही होतं. नवीन इतकंच, की कैदी, पेशंट, बाळंतिणी, विमा उतरवणारे अशा सगळ्यांचे नमुने हळूहळू एका वंशकोशात जमा झाले होते, आणि थुंकीच्या थेंबावरून कोण कुणाचं कोण लागतं हे यंत्र चहा निवायच्या आत सांगू लागलं होतं.

यावर हुशार माणसांनी दुसरा मजला चढवला. संस्थांमध्ये घडलेल्या गैरप्रकारांची माहिती यंत्राला चारली, तेव्हा असं दिसलं की ज्याच्या जवळच्या रक्तात गुन्हेगार आहे त्याच्या हातून, किंवा त्याच्या आडून, काही वाईट घडायचं प्रमाण जरा जास्त आहे. जराच, पण आहे. कशामुळे, ते यंत्राला ठाऊक नव्हतं. एका घरात वाढल्याचा परिणाम असेल, भावाच्या धाकाचा असेल, नुसत्या गरिबीचाही असेल. यंत्राला कारण लागत नाही, आकडा पुरतो. आणि कोण एका ताटात जेवलं, कुणी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही, हा फरक काही थुंकीत उमटत नाही.

सगळ्यांचे दाखले हिरवे आले. शेवंतीचा आला तेव्हा एस्तेरबाईंनी तिला आत बोलावून दार लोटलं. पडदा लाल होता. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि वाचायला लागल्या. सख्खा भाऊ, हयात, वय पन्नासच्या पुढे. बालकाविरुद्ध गंभीर गुन्हा, शिक्षा भोगून पूर्ण. जोखीम अंक मर्यादेबाहेर. पुढे कलमं होती, मुदत होती, बाई एकेक सांगत होत्या, आणि शेवंती खिडकीकडे बघत होती.

"शेवंती, पुढचं ऐकलंस का?"

"नाही," ती म्हणाली. "बाई, पहिलंच परत वाचा."

बाईंनी परत वाचलं. सख्खा भाऊ, हयात.

कलमांचा मतलब थोडक्यात असा होता. शेवंतीपुढे दोन वाटा होत्या. पहिली, निःसंबंधाची शपथ: या व्यक्तीशी माझा संबंध नव्हता, नाही, आणि ठेवणार नाही. ती दिली की वंशकोशातला तो धागा कायमचा कापला जाई, दाखला हिरवा होई आणि काम सुरू राही. दुसरी, परिचयाची मागणी. समोरच्याचीही तयारी असेल तर नाव-पत्ता मिळे, पण लाल शिक्का जन्माचा. मग पेशंट, मुलं, म्हातारी माणसं, कुणाजवळही संस्थेचं काम करता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत काहीच केलं नाही, तर पहिलीच वाट निवडली असं धरण्यात येईल. सरकारी कारभारात गप्प माणसाचा अर्थ नेहमी सरकारच्याच सोयीचा निघतो.

एस्तेरबाईंचं म्हणणं सरळ होतं. शपथ दे आणि मोकळी हो. तो माणूस तुझ्या कुठल्या सुखदुःखाला आला नाही, आणि त्यानं एका लेकराला हात लावलाय. शेवंतीला ते पटत होतं. हौदावरच्या माणसाचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण तसलाच कुणीतरी आपल्या रक्ताचा निघावा याची तिला शिसारी आली. तिनं होकारार्थी मान डोलावली, उद्या सही करते म्हणाली, आणि घरी जाऊन आरशापुढे उभी राहिली.

भाऊ. तिनं तो शब्द एकटीनं म्हणून बघितला. आजवर तो तिनं परक्यांच्या उशाशी शेकडो वेळा म्हटला होता, एकदाही स्वतःसाठी नाही. त्याची कानाची पाळी अशीच असेल का? त्यालाही गवारीची भाजी आवडत नसेल का? उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा झाला. बाजारात पन्नाशीचा पुरुष दिसला की तिची पावलं मंदावत. फळवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे, बँकेच्या रखवालदाराकडे ती टक लावून बघे, आणि तो बघायला लागला की ओशाळून पुढे जाई. तो वाईट असेल, असेलच. पण तो आहे, या एका गोष्टीनं तिला आतून पोखरायला घेतलं होतं. हे सुख होतं की दुखणं, तिला सांगता आलं नसतं.

त्या दिवसांत ती अमीनचाचांची सासू होती. अमीनचाचा म्हणजे सतारी बनवण्यात हयात गेलेला म्हातारा. बायको मागेच गेलेली, मूल नाही, फुप्फुसात लाकडाचा भुसा भरलेला. पहिल्या दिवशी तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं तेव्हा ते धापा टाकत म्हणाले होते, "सासू व्हा माझी. खरीशी भांडायचं राह्यलं, लौकर गेली ती." तेव्हापासून दोघांची रोज भांडणं होत. चहात साखर कमी, उशी उंच, जावयाचा मान ठेवत नाही. नर्सा हसून हसून दमत. पण एक गोष्ट त्यांनी भांडता भांडता मागून घेतली होती: शेवटचा पाण्याचा थेंब तुम्हीच घालायचा, सासूबाई. तिनं शब्द दिला होता. दिवस फार उरले नव्हते, ते दोघांनाही माहीत होतं.

मुदत संपायला आली तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"सतारीला वर वाजवायच्या तारा," ते म्हणाले, "आणि खाली तरफा. तरफेला कोन हात लावत न्हाई. वरची सुरात लागली की ती आपलीआप घुमती." मग त्यांनी दम घेतला. "तुम्ही घुमायलाय, सासूबाई. चार दिस बघतोय मी."

तिनं पाण्याच्या थेंबाची आठवण दिली. दिलेला शब्द मोडून कशी जाऊ, असं विचारलं. ते म्हणाले, त्याची काळजी नको, एस्तेरबाईला सासू करून घेतो, ती तुमच्यापेक्षा खरी भांडकुदळ आहे. शेवंतीला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. म्हाताऱ्यानं चेहरा भिंतीकडे वळवला. त्याला तिचं रडणं बघवत नव्हतं, की स्वतःचं दाखवायचं नव्हतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाईंच्या समोर बसून परिचयाची मागणी नोंदवली. बाईंनी एकदाच विचारलं, "नक्की?" मग तिच्या गळ्यातलं ओळखपत्र स्वतःच्या हातानं काढून घेतलं, आणि ते ड्रॉवरमध्ये न टाकता बराच वेळ मुठीत धरून बसल्या.

शेवंतीला वाटलं होतं, आता वाट बघणं आलं. तो माणूस हो म्हणेल, नाही म्हणेल, उत्तरच देणार नाही. पण पडद्यावर उत्तर लगेच उमटलं. समोरच्या व्यक्तीची संमती आधीच नोंदलेली होती. वंशकोश जनतेसाठी खुला झाला त्याच आठवड्यात त्यानं थुंकी देऊन मागणी केली होती, 'कुणीही सापडलं तर', आणि तेव्हापासून दर वर्षी येऊन ती नव्यानं करत होता. इतकी वर्षं समोरून कुणी आलंच नव्हतं, कारण शेवंतीची थुंकी कोशात नव्हती.

बिरुदेव खरजे. बेदाण्याच्या शेडवर राखणदार, कवठेमहांकाळजवळ.

आधी निरोप धाडून ती एसटीनं गेली. फाट्यावर उतरली तेव्हा एक उंच, वाकलेला माणूस धुतलेला सदरा घालून उभा होता, हातात बेदाण्याची पुडी. तिनं आधी त्याच्या कानाकडे बघितलं. पाळी तिच्यासारखीच होती, गालाला चिकटलेली. इतक्या वर्षांचा शोध असा बसस्टॉपवर, शेंगदाणे विकणाऱ्यासमोर संपला, आणि तिला काय करावं ते कळेना. तिनं वाकून नमस्कार केला. त्यानं आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तो मध्येच राहिला.

शेडमध्ये हिरव्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. सगळीकडे आंबटगोड वास होता. त्यानं पुडी तिच्या हातात दिली, तिला बाजेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसला. तो तिला अहोजाहो करत होता, साहेबाच्या बायकोला करतात तसं. शेवंतीनं ठरवून आणलेला प्रश्न आधीच विचारून टाकला, कारण नंतर तिचं धाडस झालं नसतं. तुम्ही काय केलं होतं?

तो जाळीवरचे बेदाणे चाळवत सांगत गेला. त्यांचे आईबाप जत भागातले, ऊसतोडीच्या टोळीत. ट्रॉली उलटून दोघंही गेले. धाकटी दोन वर्षांची होती. पोलिसांनी तिला आश्रमात दिलं, आणि हा मुकादमाकडे राहिला, कोयता चालवता येण्याएवढा झाला होता म्हणून. थोडा मोठा झाल्यावर तो तिला न्यायला आश्रमात गेला. ऑफिसात त्याला विचारलं, तू भाऊ कशावरून? जन्म उसाच्या फडातला, तिची नोंद कुठं नाही, याची नाही. पुरावा आण, म्हणाले. तो तीनदा गेला. तीनदा तेच ऐकून आला.

"तवा पुरावा न्हवता," तो म्हणाला. "आता थुंकलं तरी निघतोय." तो हसला, पण त्यात कडवटपणा नव्हता, नवल होतं.

मग त्यानं उरलेलं सांगितलं, खाली मान घालून. "भित चढून गेलो दुपारचा. पोरं हौदावर ताटं घाशीत हुती. म्या इचारलं, तुमच्यात मायाक्का कोन हाय? आयनं चिंचलीच्या देवीचं नाव ठेवलं हुतं. म्होरं येक बारकी पोरगी हुती, तिला आदी इचारलं. ती म्हनली, हितं न्हाई कोन मायाक्का. मग तिच्याशेजारचीनं हात वर केला. म्हनली, मीच."

शेवंतीच्या हातातली बेदाण्याची पुडी गच्च आवळली गेली.

त्यानं कुंदाला खांद्यावर घेऊन टोळीच्या खोपटापर्यंत आणलं. भाकरी आणि गूळ दिला. ती रात्रभर त्याच्या कुशीला झोपली. दोन वर्षांची बघितलेली बहीण सहा वर्षांची कशी दिसेल, हे त्याला कुठून कळणार. त्याला ती मायाक्काच वाटली. पोलीस आले तेव्हाही तो हेच सांगत होता, आणि कोर्टातही, तिथं तिची खरी नोंद वाचून दाखवेपर्यंत. "परत न्हेताना ती पोरगी माझा सदरा सोडंना," तो म्हणाला. "लई रडली. माझ्यापायी न्हवं, परत जायचं म्हनून. मला शिक्षा झाली त्येचं कायबी वाटलं न्हाई. पर ती पोरगी कुनाची का आसंना, तिला आशा लावून फसवलं म्या."

बाहेर शेडच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. शेवंतीला हौद दिसत होता. ताटातली राख दिसत होती, बोटांच्या चिरांत गेलेली काळी राख, आणि समोर वाकलेला एक पोरगेला माणूस, ज्याला ती जन्मभर भ्याली. तिला एकदम त्याचा आवाज आठवला, आणि स्वतःचाही. हितं न्हाई कोन. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. ते नाव आपलं आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाजेवरून उतरून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, लहान मुलं बसतात तशी मांडी घालून.

"पुन्हा विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. हौदावर विचारलं होतंस ते."

बिरुदेवनं वर बघितलं. त्याला कळलं नाही, मग काहीतरी कळू लागलं. त्यानं शेडच्या रिकाम्या जाळ्यांकडे एकदा नजर फिरवली, जणू तिथं खरोखरच ओळीनं मुलं बसली आहेत.

"तुमच्यात," तो म्हणाला, "मायाक्का कोन हाय?"

शेवंतीनं हात वर केला.